मिनेसोटातल्या छोट्या गावाचा रस्ता, राज्याचे बॉन्ड आणि तुमच्या घरी आलेलं ते पत्र

प्रश्न थोडक्यात असा आहे: मिनेसोटात साधारण अकराशे वस्तीच्या गावात दोन वर्षांपूर्वी घर घेतलंय, आता सिटीचं पत्र आलंय की तुमच्या गल्लीचा रस्ता, खालची पाण्याची लाइन, सीवर सगळं नव्याने करायचंय, तुमच्या घराचा अंदाजे वाटा दहा हजार डॉलर, अमुक तारखेला पब्लिक हिअरिंग. शेजारी म्हणतो काळजी करू नका, गावाने स्टेटच्या बॉन्डिंग बिलात (म्हणजे विधेयकात) पैसे मागितलेत, ते आले की आपल्याला काही पडणार नाही. हे खरं का, आणि बॉन्डिंग म्हणजे नक्की काय?

शेजारी माणूस चांगला असेल, बर्फ काढायला तुमच्या आधी उठत असेल, पण या बाबतीत त्याचं ऐकून घरी बसू नका.

मी मूळचा सांगलीकडचा, सिव्हिल करून इकडे आलो आणि वीसेक वर्षं हेच करतोय. एवढ्याशा गावाला पगारी इंजिनिअर परवडत नाही, मग कन्सल्टिंग फर्मचा एक माणूस महिन्यातून एक-दोनदा कौन्सिलच्या मीटिंगला येऊन बसतो आणि त्यालाच सिटी इंजिनिअर म्हणतात, तो मी, चार-पाच गावांचा मिळून एक. तुम्हाला आलं तसं पत्र मी किती वेळा ड्राफ्ट केलंय त्याची मोजदाद नाही.

पहिली गोष्ट, हे रस्त्याचं काम नाहीये. नुसता डांबराचा थर खराब झाला असता तर वरून एक थर टाकून गावाने दहा वर्षं काढली असती. घोडं अडतं ते खाली. इथे जमीन खोलवर गोठते म्हणून पाण्याची मेन साडेसात-आठ फूट खाली असते, आणि गंमत अशी की गल्लीत दोन बाजूंच्या अंगणात बर्फाची गोधडी असते पण रस्त्यावरचा बर्फ आपण नांगरून काढतो, त्यामुळे थंडी सगळ्यात खोल जाते ती नेमकी रस्त्याच्या खाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेन फुटायचा सीझन असतो. माझ्या ऑफिसच्या खिडकीत एक पाइपचा तुकडा ठेवलाय, एका गावातून काढलेला, सहा इंचाचा ओतीव लोखंडाचा. आतून गंज आणि क्षार साठत साठत मधे लिंबाएवढं भोक उरलंय. हायड्रंटला प्रेशर का नाही म्हणून फायर डिपार्टमेंटवाले वर्षानुवर्षं विचारत होते, तर हे कारण. बाजूचं सीवर भाजक्या मातीचं, दर दोन-तीन फुटांवर जोड, प्रत्येक जोडातून मेपलची मुळं आत. पाऊस झाला की जमिनीतलं पाणी त्यात शिरतं आणि स्वच्छ पाणीच प्लँटवर जाऊन आपण पैसे खर्चून ते शुद्ध करत बसतो. तर आठ फूट खोल खड्डा गल्लीभर खणायचाच, मग वरचा रस्ता राहणार कसा, म्हणून 'रस्ता पुनर्बांधणी' हे नाव.

आता पैसे. मिनेसोटात पेट्रोलवरचा टॅक्स आणि गाड्यांच्या नोंदणीचे पैसे राज्यघटनेप्रमाणे वाटले जातात, पाच टक्के बाजूला काढून उरलेल्याचे ६२ टक्के राज्याच्या हायवेंना, २९ काउंट्यांना (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), ९ शहरांना. ते ९ टक्के फक्त ५,००० च्या वर वस्ती असलेल्या शहरांना. राज्यात साडेआठशेच्या वर शहरं आहेत, त्यातली बहुतेक तुमच्यासारखी, पाच हजारांच्या खालची. म्हणजे ४,९०० वस्तीचं गाव आणि ५,१०० वस्तीचं गाव यात फरक दोनशे माणसांचा, पण एकाला दरवर्षी हक्काचे पैसे आणि दुसऱ्याला नाहीत. छोट्या गावांसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र खातं काढलं, नंतर १०० डॉलरच्या वरच्या डिलिव्हरीवर ५० सेंटची फी लावून (जुलै २०२४ पासून, तुमच्याही ऑर्डरींवर पडली असेल बघा) त्यातलाही हिस्सा दिला, पण त्यात एखाद्या गल्लीचं डांबर होईल, गाव उभं नाही राहणार. म्हणून सगळे राज्याच्या बॉन्डिंगकडे बघतात.

बॉन्डिंग म्हणजे राज्य स्वतःच्या नावावर कर्जरोखे विकतं, तीनही रेटिंग एजन्सींचं ट्रिपल ए आहे म्हणून व्याज कमी पडतं, आणि आलेल्या पैशातून पाणी, रस्ते, कॉलेजच्या इमारती, पूल यांना ग्रँट देतं. कर्ज राज्य फेडतं. गावाला ते परत करायचं नसतं, इथेच लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे बॉन्ड काढले होते आठवत असेल, ते पालिकेने स्वतः काढलेले, पालिकेनेच फेडायचे. इथे तुमचं गावही तसे स्वतःचे बॉन्ड काढतंच, अकराशे वस्तीचं गाव असलं तरी, ते पुढे येईल. हे दोन बॉन्ड वेगळे, तुमचा शेजारी बहुतेक या दोघांची खिचडी करतोय.

राज्याच्या बॉन्डला साधं बहुमत चालत नाही. राज्यघटनेत लिहिलंय दोन्ही सभागृहात तीन पंचमांश मतं पाहिजेत, म्हणजे हाउसमध्ये १३४ पैकी ८१ आणि सिनेटमध्ये ६७ पैकी ४१. याचा अर्थ कुठलाही पक्ष सत्तेत असला तरी विरोधी पक्षाशिवाय एक पाइप टाकता येत नाही, आणि विरोधी पक्षाला वर्षभरात हीच एक किल्ली हातात मिळते, मग तो ती सोडेल कशाला. पद्धत अशी की सम वर्षात बॉन्डिंग बिल यावं. प्रत्यक्षात काय झालं बघा. २०२० मध्ये मे महिन्यात फिस्कटलं, मग एकामागून एक स्पेशल सेशन (विधिमंडळाची खास अधिवेशनं) होत होत ऑक्टोबरमध्ये १.८७ अब्ज डॉलरचं बिल पास झालं. २०२२ मध्ये नाही. २०२३ मध्ये, म्हणजे विषम वर्षात, आधी सिनेटमध्ये मतं कमी पडली आणि शेवटी नर्सिंग होमला (इथे म्हणजे आजारी-वृद्धांना सांभाळणारी केंद्रं) ३०० मिलियन द्यायचं ठरल्यावर मे मध्ये बॉन्ड आणि रोख मिळून २.६ अब्जाचं पास झालं. गावातल्या सीवरचा नर्सिंग होमशी काय संबंध, तर काही नाही, राजकारणात असंच असतं. २०२४ मध्ये सेशनच्या शेवटच्या रात्री बारा वाजले आणि बिल तसंच राहिलं. २०२५ मध्ये जूनमधल्या एक दिवसाच्या स्पेशल सेशनमध्ये साधारण ७०० मिलियनचं झालं. या सगळ्या वर्षांत ज्या क्लर्कबाईंनी गावाच्या अर्जाचे फॉर्म भरले त्यांना विचारा, काय वाटतं ते.

फॉर्म विषम वर्षाच्या उन्हाळ्यात राज्याच्या फायनान्स खात्याकडे जातात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बॉन्डिंग कमिट्यांचे आमदार बसमधून गावोगाव फिरतात. हा प्रकार एकदा बघण्यासारखा असतो. गावाला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. फायर हॉलमध्ये कॉफी, कुणीतरी घरून केलेले लेमन बार, मेयर दोन मिनिटं बोलतो, आणि मग मी तो पाइपचा तुकडा टेबलावर ठेवतो. एवढे चार्ट केलेले असतात, त्याकडे कोणी बघत नाही, पाइप मात्र प्रत्येकजण उचलून त्यातून आरपार बघायचा प्रयत्न करतो. एका गावात मेयरने एका आजीबाईंना उभं केलं होतं, त्यांच्या बेसमेंटमध्ये तीन वेळा सीवर उलटं आलेलं, त्या फार काही बोलल्या नाहीत, फक्त भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते हाताने दाखवलं. आपल्याकडे आमदार निधीचा फ्लेक्स लागतो, इथे फ्लेक्स नाही लागत, पण पैसे आले की फावडं हातात घेऊन फोटो मात्र सगळ्यांना पाहिजे असतो, तेवढं जगात सगळीकडे सारखंच.

गावाचं नाव थेट बिलात आलं तर ठीक. नाही आलं तरी दुसरा मार्ग असतो, तो म्हणजे बिलातून राज्याच्या कार्यक्रमांत जे पैसे पडतात त्यातून. रस्त्यासाठी लोकल रोड इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम आहे, त्यात पाच हजारांच्या खालच्या गावाला काउंटीला स्पॉन्सर म्हणून सोबत घेऊन अर्ज करावा लागतो, म्हणून काउंटी इंजिनिअरशी भांडण करून चालत नाही. पाण्या-सीवरसाठी पब्लिक फॅसिलिटीज ऑथॉरिटी आहे, ती बहुतांश स्वस्त कर्ज देते आणि काहींना ग्रँट, आणि कोणाचा नंबर आधी हे प्रायॉरिटी लिस्टवरच्या पॉइंट्सवर ठरतं. यात एक बारीक अडचण लोकांना माहीत नसते: ते पैसे पाइपसाठी, म्हणजे रस्ता भरून मिळतो तो खोदलेल्या खंदकाच्या रुंदीपुरता. गल्ली ३६ फूट रुंद, खंदक वर सोळा-अठरा फूट, मग उरलेलं डांबर आणि कडेचं कर्ब कोणाचं? तुमचं आणि गावाचं.

बॉन्डच्या पैशाला अटीही भरपूर. मालमत्ता सरकारी मालकीची पाहिजे आणि खर्च भांडवली पाहिजे, म्हणून खड्डे बुजवणं, सील कोट असली देखभाल त्यात बसत नाही. तुमच्या अंगणातून घरात येणारी पाण्याची लाइन जर शिशाची निघाली तर तो खाजगी भाग, बॉन्डच्या पैशातून तो बदलण्यात अडचण, म्हणून शिशाच्या लाइनींसाठी २०२३ मध्ये राज्याला वेगळे २४० मिलियन द्यावे लागले. सर्वसाधारण नियम असा की राज्याचा वाटा निम्म्यापेक्षा जास्त नको, काही वेळा बिलातच अपवाद लिहून घेतात पण त्यावर गणित मांडू नका. आणि सगळ्यात जाचक अट, गावाचा स्वतःचा वाटा पूर्ण उभा राहिल्याचं दाखवल्याशिवाय राज्य पैसे सोडत नाही, आणि सोडतं तेही खर्चाची बिलं दाखवल्यावर. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच पैसे मिळतात. चार वर्षांच्या आसपास वापरले नाहीत तर ते रद्दही होतात, अशी रद्द झालेल्यांची यादी निघते, त्यात नाव येणं म्हणजे पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने मागणार.

एक हिशोब करून दाखवतो, आकडे समजा म्हणून घ्या. काम ८ मिलियनचं. गावात ४०० घरं, त्यातली ८० या गल्ल्यांवर. राज्याने निम्मे दिले, उरले ४ मिलियन, म्हणजे ४० लाख. गाव त्यासाठी स्वतःचे बॉन्ड विकणार. मिनेसोटाच्या कायद्याच्या ४२९ व्या चॅप्टरप्रमाणे खर्चातल्या गावाच्या वाट्याचे किमान २० टक्के जर त्या रस्त्यावरच्या घरांवर असेसमेंट म्हणून (म्हणजे कामाच्या खर्चातला घरमालकाने भरायचा वाटा) लावले तर मतदान न घेता बॉन्ड काढता येतात. म्हणजे ८ लाख, भागिले ८० घरं, दहा हजार. तुमच्या पत्रातला आकडा हाच असावा, आणि नीट बघा, हा आकडा राज्याचे पैसे *धरून* आलाय. उरले ३२ लाख, वीस वर्षं, ४ टक्के व्याज धरलं तर वर्षाला साधारण २ लाख ३५ हजार, गावातल्या प्रत्येक घरामागे वर्षाला ५९०, महिन्याला पन्नासच्या जवळ, काही प्रॉपर्टी टॅक्समधून, काही पाणी-सीवरच्या बिलातून. राज्याचे पैसे आलेच नाहीत तर? असेसमेंट वीस हजार, आणि महिन्याचे पन्नासचे शंभर. गावाची हिंमत होत नाही, मग काम पुढे ढकललं जातं.

तर शेजाऱ्याच्या म्हणण्यातली चूक इथे आहे. राज्याचे पैसे तुमचं असेसमेंट शून्य करायला येत नाहीत, ते गावाचं पाण्याचं बिल माणसाच्या आवाक्यात ठेवायला येतात. बऱ्याच गावांची असेसमेंट पॉलिसी आधीच ठरलेली असते, फुटामागे इतके किंवा घरामागे इतके, ग्रँट आली न आली तरी तीच. तुमच्या गावाची पॉलिसी क्लर्ककडे मागा, दोन-तीन पानांची असते.

आणि थांबण्याबद्दल. मी एका गावासोबत थांबलोय. नाव नको. प्लॅन तयार, बिड, म्हणजे टेंडर, काढायची तेवढी बाकी, कौन्सिल म्हणालं आपलं नाव बिलात येतंय असं आमदार सांगतायत, एक वर्ष थांबू. ते बिल पडलं. म्हणाले आता एवढं थांबलो तर अजून एक. मीही ठामपणे नाही म्हणालो नाही, ही माझी चूक, मला तेव्हा वाटलं ग्रँट आली तर माझंही नाव होईल. तिसऱ्या वर्षी जानेवारीत उणे वीसमध्ये मेन फुटली, रात्री दोन वाजता दोन पब्लिक वर्क्सवाले (गावात एकूण दोनच) खड्ड्यात उभे, पाणी उडून त्यांच्या जॅकेटवर गोठत होतं, क्लॅम्प लावला तर चार फुटांवर पुन्हा फुटली. साडेचार मिलियनचं काम शेवटी झालं तेव्हा सहाच्या वर गेलं होतं. ग्रँट नंतर थोडी मिळाली, पण किमती जेवढ्या वाढल्या त्यातच ती गेली. तेव्हापासून मी प्रत्येक गावाला सांगतो, ग्रँट नाही आली तर काय कापायचं आणि किती गल्ल्या करायच्या ते आधी लिहून ठेवा, मगच सेंट पॉलला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, मागायला जा. रस्ता ३६ ऐवजी ३० फूट केला तरी डांबर, कर्ब, पावसाचं पाणी सगळ्यातच वाचतं, फक्त पार्किंगवरून हिअरिंगला दोन तास भांडण होतं.

आता तुमचं. हिअरिंग दोन असतात, हे नीट समजून घ्या कारण लोक इथेच चुकतात. आत्ताचं पत्र पहिल्या हिअरिंगचं आहे, काम करायचं की नाही याचं. रहिवाशांनी अर्ज करून मागितलेलं काम नसेल तर इथे कौन्सिलची चार पंचमांश मतं लागतात, म्हणजे पाच जणांत चार. एक माणूस विरोधात असला तरी होतं, दोन असले की अडतं. रस्ता किती रुंद, फुटपाथ पाहिजे का, तुमच्या अंगणातलं झाड राहणार का, हे सगळं बोलायचं ते इथे. दुसरं हिअरिंग असेसमेंटचं, अनेकदा काम झाल्यावर, आणि गर्दी तेव्हा होते, वरातीमागून घोडं.

दुसऱ्या हिअरिंगला रक्कम मान्य नसेल तर तोंडी बोलून उपयोग नाही. सही केलेलं लेखी ऑब्जेक्शन हिअरिंगच्या आधी क्लर्ककडे किंवा हिअरिंगमध्येच अध्यक्षाच्या हातात द्यावं लागतं, ते दिलं नाही तर कोर्टाचा दरवाजा बंद. दिलं असेल तर असेसमेंट मंजूर झाल्यापासून ३० दिवसांत मेयरला किंवा क्लर्कला अपीलची नोटीस द्यायची आणि ती दिल्यावर १० दिवसांत डिस्ट्रिक्ट कोर्टात दाखल करायची. कोर्ट मुख्यतः हे बघतं, या कामाने तुमच्या घराची बाजारातली किंमत किमान तेवढी वाढली का. म्हणून वीस हजारांचं असेसमेंट साध्या घरावर टिकवणं गावालाही अवघड जातं, आणि दहा हजारांवर तुम्ही जिंकाल का, तर मूल्यांकन करणाऱ्याचे आणि वकिलाचे पैसे आधी मोजून बघा.

भरायचं असेल तर मंजुरीनंतर ३० दिवसांत पूर्ण भरलं की व्याज नाही. नाहीतर ते प्रॉपर्टी टॅक्सबरोबर हप्त्यांनी येतं, समजा १५ वर्षं आणि ५ टक्के, तर सुरुवातीला मुद्दल ६६७ आणि व्याज ५०० असे वर्षाला साधारण अकराशे-बाराशे, पुढे कमी होत जातं. घर दोन-तीन वर्षांत विकायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, खरेदीदाराचा एजंट उरलेली रक्कम तुम्हीच फेडा म्हणणार. तुमच्याकडे आईवडील राहत असतील म्हणून सवलत मिळत नाही, घरमालक ६५ किंवा त्याहून जास्त वयाचा आणि आर्थिक अडचणीत असला तर सिटी पुढे ढकलू शकते, ते शेजारच्या एखाद्या आजींना नक्की सांगा, त्यांना बहुतेक कोणी सांगितलेलं नसतं.

काम सुरू झालं की मे ते ऑक्टोबर गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावायची, पाणी तात्पुरत्या होजमधून वरून येणार, आणि डांबराचा शेवटचा थर बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मॅनहोलची झाकणं जरा वर दिसली तर इंजिनिअरला फोन करू नका, ते तसंच असतं.

आणि घरापासून मेनपर्यंतची तुमची स्वतःची सीवर लाइन, ती बहुतेक गावांत मालकाची जबाबदारी असते. तुमचं घर जुनं असेल तर तीही भाजक्या मातीचीच असणार. रस्ता उघडा असताना तोच कॉन्ट्रॅक्टर ती बदलून देतो तेव्हा जेवढा खर्च येतो त्याच्या कितीतरी पट नंतर नवा रस्ता फोडून करायला येतो, आणि काही गावं नवा रस्ता काही वर्षं फोडूच देत नाहीत. तेव्हा जमीन गोठायच्या आत एखाद्या प्लंबरला बोलावून त्या लाइनमध्ये कॅमेरा घालून घ्या, व्हिडिओ ठेवा, आणि पहिल्या हिअरिंगला इंजिनिअरला विचारा की खाजगी लाइनींचा दर बिडमध्ये घेताय का.